हेअरवुडच्या हिरवळीचा जमाखर्च

१/ यॉर्कशायरमधील हेअरवुड हाउसचे वर्णन करताना वास्तुकार जॉन कार, अंतर्सजावटकार रॉबर्ट ॲडम आणि उद्यानरचनाकार 'केपेबिलिटी' ब्राउन यांची नावे आदराने घेतली जातात. पैसा कुठून आला, हा प्रश्न मात्र अनेकांना औचित्यभंग वाटतो.

२/ उत्तर कागदोपत्री आहे. हेन्री लॅसेल्सने बार्बाडोसमधील साखरेच्या आणि गुलामांच्या व्यापारातून संपत्ती जमवली. पुत्र एडविनने १७५९ मध्ये या वास्तूची पायाभरणी केली.

३/ ब्राउनची किमया अशी, की माणसाने घडवलेले तळे निसर्गदत्त भासावे. संपत्तीच्या उगमाचेही तेच झाले. मळ्यांतील श्रम दृष्टीआड गेले, उरली ती 'अभिजात अभिरुची'.

४/ "त्या काळाला आजची मापे लावू नका," असे बजावले जाते. १८१६ मध्ये बार्बाडोसच्या गुलामांनी बंड केले. तेही त्याच काळाचे होते. त्यांचे माप का लावू नये?

५/ १८३३ च्या कायद्याने गुलामगिरी संपुष्टात आणली, पण भरपाई दिली मालकांना. हेअरवुडच्या अर्लना १,२७७ माणसांपोटी २६ हजारांहून अधिक पौंड मिळाले. त्या माणसांना एक पेनीही नाही.

६/ बागेचे सौंदर्य याने उणावत नाही. पण जमाखर्चाची एकच बाजू वाचणाऱ्याने स्वतःला इतिहासप्रेमी म्हणवू नये.