बाबांनीही अंगाई म्हणावी

आमच्या देवळात दर एकादशीला भजन असते. बाबा पखवाज वाजवतात आणि गातात पण. आवाज पार वेशीपर्यंत जातो. पण घरी आमची ठकी रडायला लागली की तेच बाबा म्हणतात, "अगं, तिला मोबाईल दे." मला हे मुळीच पटत नाही. ठकी फक्त दहा महिन्यांची आहे.

आजी जात्यावर ओव्या म्हणायची, तेव्हा बाबा तिच्या मांडीवर निजायचे. आता दळण गिरणीत जाते, जाते गोठ्यात पडून आहे. ओव्या मात्र आजीला पाठ आहेत. तिला दम लागतो, मग ती मधेच थांबते. तेव्हा ठकी तिच्या तोंडाकडे बघत "आं आं" करते. मोबाईल कुणासाठी थांबत नाही. त्याच्यापुढे ठकी नुसती गप्प बसते.

गुरुजी म्हणाले, पोटात असतानाच शेवटच्या महिन्यांत बाळाला आईचा आवाज ऐकू येतो. बाबांचा आवाज मग कधी ओळखीचा व्हायचा?

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडीचे काम सुरू केले. मुले येईनात, तर त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. आपण उलटे करू. दर शनिवारी अर्धा तास घरच्यांनीच बाळाला घेऊन अंगणवाडीत बसावे व गावे.

बाबा म्हणाले, "पुरुषमाणसाला शोभतं का ते?" मी म्हटलं, "मग देवळात कसं शोभतं?"

टाळ मात्र आणू नयेत. बाळांचे कान कोवळे असतात. टाळ्या चालतील.