रॅम नको, शिस्त हवी!

मंडळी, निवृत्त मास्तरानं डेटाबेसवर बोलावं का? पण विषय हजेरीपटाचा आहे आणि हजेरीपट मी जन्मभर भरलेत. तेव्हा बोलणारच!

आमच्या जुन्या शाळेची 20 वर्षांची हजेरी पोस्टग्रेसमध्ये साठवलेली आहे. परवा कळलं, तिचा बॅकअप तीन महिने होतच नव्हता. रोज रात्री 'आउट ऑफ शेअर्ड मेमरी' म्हणून बंद पडायचा. यंत्रणा बसवणाऱ्यांचं उत्तर तयारच होतं, "सर, रॅम वाढवा."

साफ चूक! भाच्यानं पाहिलं, तर अर्धी रॅम मोकळी. तो म्हणाला, "मामा, रॅम नाही, खुंट्या संपल्यात." शिपायाच्या किल्ल्यांच्या फळ्यासारखंच हे. बॅकअप घेताना प्रत्येक टेबलाला एक कुलूप लागतं आणि काम संपेपर्यंत ती सगळी धरून ठेवावी लागतात. या कुलपांची जागा डेटाबेस सुरू होतानाच ठरते. 'मॅक्स लॉक्स पर ट्रान्झॅक्शन' 64 आणि जोडण्या 100, म्हणजे साधारण 6,400 कुलपं. आणि आमची टेबलं? दर तुकडीला दर महिन्याचं वेगळं टेबल! 40 तुकड्या, 10 महिने, 20 वर्षं. झाली 8,000.

भाच्यानं 64 चे 128 केले आणि डेटाबेस पुन्हा सुरू केला. त्याच रात्री बॅकअप पूर्ण झाला. जादा मेमरी लागली अवघी काही एमबी. पैसे शून्य.

पण माझं भांडण पुढेच आहे. आता सगळे म्हणतात, "झालं ना काम? पुढे 256 करू." अहो, हा उपाय नव्हे, ही मलमपट्टी! कागदाचा हजेरीपट महिन्याला पान उलटतो, म्हणून संगणकानंही उलटायचं? एकाच टेबलात तारीख, तुकडी आणि विद्यार्थी असे रकाने ठेवा. तुकडीत 50 मुलं, वर्षाला 200 दिवस धरले, तरी 80 लाख ओळी होतात. नीट इंडेक्स असेल तर पोस्टग्रेसला त्याचं काही ओझं नाही. "छोटी टेबलं वेगवान असतात," म्हणणाऱ्यांनी एका मुलाची दहा वर्षांची हजेरी काढून दाखवावी. शंभर टेबलं उपसावी लागतील!

मर्यादा वाढवा, जरूर वाढवा, आजचा बॅकअप वाचवायला. पण त्याच आठवड्यात टेबलं एकत्र करायला बसा. त्या तीन महिन्यांत डिस्क गेली असती, तर 20 वर्षांची पोरं कायमची गैरहजर लागली असती.

असो. तुमचा शेवटचा बॅकअप कधी पूर्ण झाला, तेवढं आज बघाच.