शंकूतला एक तृतीयांश

नववी-दहावीच्या मुलांना शंकूचं घनफळ विचारा, सूत्र धडाधड येतं. त्यातला एक तृतीयांश कुठून आला म्हटलं, की सगळे छताकडे बघतात. मग परीक्षेत तो गोलाच्या सूत्रात मिसळतो.

घरीच करून पाहा. पुठ्ठ्यावर १० सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढून २१६ अंशांची वर्तुळपाकळी कापा, सरळ कडा जुळवा. ६ सेंमी त्रिज्येचा, ८ सेंमी उंच शंकू तयार. ८ सेंमी रुंद, ३७.७ सेंमी लांब पट्टी वळवून, तळ लावून वृत्तचिती करा (आपल्या बडोद्याच्या मुलांचा ‘नळाकार’). चिकटवायला कड जास्त ठेवा.

किती शंकू तांदूळ मावतील, हे आधी मुलांकडून वदवून घ्या. बरेच जण दोन म्हणतात. ओतायचंही त्यांनीच. सिद्धता पुढे, कॉलेजात. तांदूळ मात्र परत डब्यात!