एकच वाट असलेली गावे

साहित्याच्या वाचकांपुढे तारांचा विषय मांडणे काहीसे आगंतुक वाटेल. संगणकजाळी उभारणे हा आमचा व्यवसाय. पण त्यातला आजचा कळीचा प्रश्न तांत्रिक कमी आणि वाङ्मयीन अधिक आहे, असे आमचे मत आहे. मजकूर टिकतो कसा आणि बोलतो कोण, हा तो प्रश्न.

सध्या या व्यवसायाचा ओढा केंद्रीकरणाकडे आहे. पूर्वी प्रत्येक राऊटर पुढची वाट आपली आपण ठरवी. आता तो निर्णय मध्यवर्ती सॉफ्टवेअरकडे सोपवला जातो. अकोल्याच्या कचेरीतली माहितीही तिथल्या यंत्रावर न राहता दूरच्या क्लाउडमध्ये जाते. यात खर्च वाचतो, दुरुस्तीही सोपी होते, हे मान्यच. पण ही व्यवस्था गृहीत धरते की वाट कधी बंद पडणार नाही. शहरात एक तार तुटली तर दुसरी असते. मेळघाटातल्या गावाचे काय?

२०११ साली मंजूर झालेल्या आणि पुढे ‘भारतनेट’ म्हणून ओळखल्या गेलेल्या योजनेत तालुक्यापासून ग्रामपंचायतीपर्यंत तार गेली, ती बहुतांशी फांदीसारखी. रस्ता रुंद करताना जेसीबीचा एक घाव बसला, की पुढची गावे मुकी. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १,३९,५७९ कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर केला. त्यात वर्तुळाकार रचना आहे: एक बाजू तुटली तरी दुसऱ्या बाजूने वाट मिळावी. दहा वर्षांच्या देखभालीची तरतूदही आहे. उशिरा का होईना, हे शहाणपण सुचले.

अमरावती जिल्ह्याला ते नवे नाही. तेराव्या शतकात रिद्धपूरला म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी हिंडून हिंडून जमवल्या आणि ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले. पुढे आक्रमणाच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली. तरी ग्रंथ उरला, कारण तो अनेकांच्या स्मरणात होता. त्या स्मरणांतूनच तो पुन्हा बांधला गेला. पाठभेदांची डोकेदुखी अभ्यासकांच्या वाट्याला आली खरी. पण पाठभेद ही पर्यायी वाटांची किंमत आहे, आणि ती मोजण्याजोगी आहे.

दुसरी गोष्ट बोलण्याची. ग्रामपंचायतींसाठी वापरलेल्या जीपॉन तंत्रात खाली येणारा वेग सेकंदाला सुमारे २.५ गिगाबिट, वर जाणारा त्याच्या निम्मा. ग्राहक घेईल अधिक, देईल कमी, हे त्यात गृहीतच आहे. धारणी तालुक्यातले हरिसाल ‘डिजिटल गाव’ म्हणून गाजले आणि २०१९ च्या निवडणूक प्रचारात वादाचा विषयही झाले. दोन्ही वेळा चर्चेचा रोख गावात काय पोहोचले यावर होता. गावातून काय निघाले, कोरकूतली किती गाणी, किती कहाण्या वर गेल्या, याची विचारपूस झाली नाही.

तारेचे किलोमीटर मोजून जाळ्याची योग्यता ठरत नाही. तुटलेली तार किती तासांत जोडली जाते आणि गावाचा शब्द बाहेर किती जातो, ही खरी मापे. रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ आहे. वऱ्हाडी आणि कोरकूचे ध्वनिमुद्रण करावे. त्याच्या प्रती तिथे, अमरावतीला, अकोल्याला आणि ज्या गावाचे ते बोल त्या गावातही ठेवाव्यात. एका दूरच्या क्लाउडच्या भरवशावर भाषा सोडू नये. तार आम्ही जोडू. तिच्यावरून काय जावे, हे मात्र भाषेच्या अभ्यासकांनी ठरवायचे आहे.