बर्फाचे टायर तिकडे, पावसाचे टायर इकडे



आपल्या परदेशीपुऱ्यातल्या मराठी घरांपैकी बऱ्याच घरांतलं कुणी ना कुणी आता कॅनडात नाहीतर जर्मनीत आहे. आमची भाची मॉन्ट्रियलला असते. त्यांच्या क्युबेक प्रांतात 2008 पासून कायदाच आहे. सध्या 1 डिसेंबर ते 15 मार्च गाडीला हिवाळी टायर हवेतच, नाहीतर 200 ते 300 डॉलर दंड. शेजारच्या ऑन्टारियोत अशी सरसकट सक्ती नाही. तिथे 2016 पासून हे टायर लावणाऱ्याला विमा कंपनीने हप्त्यात सूट द्यायची असा नियम केला. जर्मनीत तारीख ठरलेली नाही, पण रस्त्यावर बर्फ असेल तर असे टायर लागतात.

आमचे भाऊजी यावर चिडतात. म्हणतात, "चार टायर जास्तीचे घ्या, उन्हाळाभर सांभाळा, हा काय जुलूम आहे!" मला हा जुलूम वाटत नाही. थंडी साधारण 7 अंशांच्या खाली गेली की साधं रबर कडक होतं आणि रस्त्यावरची पकड सुटते. हेल्मेट नाही घातलं तर डोकं आपलं फुटतं. टायर घसरला तर समोरून सायकलवर येणाऱ्या पोराचा जीव जातो. दुसऱ्याच्या जिवाशी गाठ आली की सक्ती हवीच.

आता आपल्याकडे या. इंदूरला बर्फ पडत नाही, पण जूनचा पहिला पाऊस पडतो. रस्त्यावरची धूळ, सांडलेलं ऑइल आणि ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेली माळव्याची काळी माती, सगळ्याचा मिळून साबण होतो. टायरवरच्या खाचा पाणी बाजूला सारतात. त्या घासून गेल्या की रबर आणि रस्ता यांच्या मधे पाणीच राहतं आणि ब्रेक दाबूनही गाडी पुढे जाते.

गंमत म्हणजे आपल्याकडेही कायदा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मध्ये नियम 94 आहे. कारला खाच निदान 1.6 मिलिमीटर हवी, दुचाकी-तिचाकीला 0.8. हा नियम तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलाय? घरच्या गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते, तोवर टायरकडे कुणी बघतच नाही. महाराष्ट्रात समृद्धी महामार्गावर अपघात वाढले तेव्हा 2023 मध्ये परिवहन विभागाने प्रवेशाच्या जागीच टायर तपासायला घेतले, गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवल्या. नियम तोच होता, फरक एवढाच की कुणीतरी वाकून पाहिलं.

म्हणून माझं म्हणणं असं की नवा कायदा नको, जुना वापरा. धुराच्या तपासणीला, म्हणजे पीयूसीला, आपण सगळे जातोच. तिथेच खाच मोजा. मे महिन्यात मोजा, म्हणजे पावसाआधी हातात वेळ राहील. टायर घिसले असतील तर लगेच चलान नको, महिनाभराची मुदत द्या. तरी बदलले नाहीत तर मग दंड.

कुणी म्हणेल, इंदुरी माणूस जुगाड काढेलच. ऑगस्ट 2025 मध्ये हेल्मेटशिवाय पेट्रोल नाही असा आदेश लागू झाला, तेव्हा पंपावर उसनं हेल्मेट मागणारे आपण पाहिलेच. पण हेल्मेट क्षणभर उसनं मिळतं, चार टायर नाही मिळत.

दुसरा आक्षेप मात्र खरा आहे, आणि तो आपल्या वस्तीचा आहे. हुकुमचंद मिल 1991 च्या डिसेंबरात बंद पडली. कामगारांच्या देण्याचा प्रश्न सुटायला 2023 चा डिसेंबर उजाडला. तोवर कितीतरी घरं लोडिंग रिक्षावर, मॅजिकवर तगली. असा माणूस सेकंडहँड टायर घेतो तो हौसेने नाही. सप्टेंबर 2025 पासून टायरवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला, ते बरंच झालं, पण पुरेसं नाही. पोटासाठी गाडी चालवणाऱ्याला टायर हप्त्यावर मिळायला हवेत, तेही बिनव्याजी. नाहीतर नियमाचा भार त्याच्यावर, आणि सूट मोठ्या गाडीवाल्याला! आपण मात्र ऐपत असून "अजून एक पावसाळा काढेल" म्हणतो. लग्नात फेट्यांवर जेवढा खर्च होतो, तेवढ्यात स्कूटरचे दोन टायर येतात हो.

जुन्या लोकांना आठवत असेल, रात्री सायकलला दिवा नसला की पोलीस हवा सोडायचे. मिलच्या पाळीवरून येणारे काका लोक शिव्या घालायचे. पण मग दिवे लागले, आणि अंधारात समोरची सायकल दिसायला लागली.

कायदा जागा होईल तेव्हा होईल. टायरच्या खाचेत रबराची छोटी आडवी पट्टी असते. खाच घासून त्या पट्टीच्या बरोबरीला आली की टायर संपला. उद्या सकाळी गाडी पुसताना एवढं बघा, आणि शेजारच्या पोराच्या गाडीचंही बघा. तिकडे राहणाऱ्या मंडळींनी आपला अनुभव खाली जरूर लिहावा. भाऊजींच्या बाजूचे असाल तर तेही लिहा, वाचायला आवडेल.