निदानावांचून औषध

‘माधवनिदान’ हा आपल्या वैद्यकांतील एक प्राचीन ग्रंथ. रोग कसा ओळखावा, एवढ्याच एका विषयाला ग्रंथकारानें तो सारा वाहिला आहे. औषधांची चर्चा त्यानें इतरांवर सोडली. हल्लीं घरोघरीं असलेल्या मोबाइल फोनच्या बाबतींत मात्र ही शहाणी रीत आपण साफ विसरलों आहों. फोन हातांत असतांनाच बंद पडतो, कंपनीची खूण पडद्यावर उमटते आणि तो पुन्हां सुरू होतो. घटकाभरानें पुन्हां तोच प्रकार. असे दोन दिवस गेले कीं घरांत दोनच सूचना ऐकूं येतात: ‘रीसेट मारा,’ नाहीं तर ‘नवा घ्या.’ हीं दोन्हीं निदानावांचून दिलेलीं औषधें होत, आणि त्यांपैकीं पहिलें तर कित्येकदां विषासारखें बाधतें, असें माझें स्पष्ट मत आहे.

रीसेट केल्यानें फोनमधील सारा मजकूर पुसला जातो. त्यांत अभ्यासाच्या टिपणांचीं छायाचित्रें असतात, घरच्या लग्नकार्यांच्या आठवणी असतात, आणि एखाद्या वेळीं दिवंगत आजोबांचा आवाज जगांत तेवढ्या एकाच ठिकाणीं उरलेला असतो. बरें, पुढें बोर्ड कायमचा निकामी झाला तर आंतील चिप काढून दुसऱ्या फोनांत वाचावी, अशीही सोय आतां राहिलेली नाहीं. आधुनिक फोन आपला मजकूर गूढ लिपींत सांठवितात, व तिची किल्ली त्याच फोनच्या प्रोसेसराशीं बांधलेली असते. म्हणून फोन अडखळूं लागला कीं तो जेवढा वेळ चालतो तेवढ्यांत महत्त्वाच्या मजकुराचा बॅकअप घ्यावा. निदान त्यानंतर, आणि दुरुस्ती त्याच्याही नंतर.

संशय प्रथम बॅटरीवर घ्यावा. लिथियम-आयन बॅटरी जुनी झाली कीं तिच्या आंत विद्युत्प्रवाहाला होणारा विरोध वाढतो. उन्हाळ्यांत पाण्याचा दाब कमी असला म्हणजे एका नळाची धार बरी पडते, परंतु मोरींतला दुसरा नळ सोडतांच पहिला थेंबांवर येतो, हें आपण पाहतोंच. येथेंही तसेंच घडतें. फोन स्वस्थ पडून असतो तोंवर सुमारें ३.७ व्होल्टांचा दाब टिकतो. कॅमेरा किंवा एखादा खेळ उघडतांच प्रोसेसर एकदम मोठा प्रवाह मागतो, दाब कोसळतो आणि फोन बंद पडतो. म्हणून तीस-चाळीस टक्के चार्ज दिसत असतांही बंद पडणारा, थंडींत अधिक त्रास देणारा व चार्जरला जोडतांच शहाण्यासारखा वागणारा फोन आपली तक्रार स्वतःच सांगत असतो. पाठ फुगून पडदा उचलला गेला असेल तर मात्र परीक्षा तेथेंच थांबवावी. तो फोन दाबूं नये, चार्ज करूं नये, आणि घरीं उघडण्याचें धाडस तर कोणाही विद्यार्थ्यानें करूं नये.

या विकाराला एक प्रसिद्ध इतिहास आहे. २०१६ सालीं ॲपल कंपनीचे कांहीं आयफोन ६एस अकस्मात् बंद पडूं लागले. २०१५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरांत तयार झालेल्या थोड्या फोनांतील बॅटरीचा एक भाग जुळणीपूर्वीं हवेंत योग्य त्याहून अधिक काळ राहिला होता, असें कंपनीनें सांगितलें व त्या बॅटऱ्या फुकट बदलून दिल्या. येथवर सारें ठीक होतें. परंतु जानेवारी २०१७ मध्यें आलेल्या नव्या प्रणालीनें थकलेल्या बॅटरीच्या फोनांचा वेग गुपचूप आवरला. दाब कोसळूं नये म्हणून कामच सावकाश करावयाचें, ही युक्ति यंत्रशास्त्राच्या दृष्टीनें चुकीची नव्हती; दोष होता तो न सांगण्याचा. केवळ बॅटरी बदलली असती तर जुनाच फोन पूर्ववत् धांवला असता, हें मालकाला कळण्यास मार्ग नव्हता. डिसेंबर २०१७ मध्यें कंपनीनें क्षमा मागितली आणि बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरांवरून २९ डॉलरांवर आणला. फेब्रुवारी २०२० मध्यें फ्रान्समध्यें तिला अडीच कोटि युरोंचा दंड झाला. औषध देऊन रोगाचें नांव रोग्यापासून लपविणाऱ्या वैद्याला आपण काय म्हणूं?

मला स्वतःला या विषयांत सर्वांत मनोरंजक वाटतें तें काळाचें लक्षण. हिंवताप पाहणारे जुने वैद्य, ताप एक दिवसाआड येतो कीं दोन दिवसांआड, हें आधीं विचारीत. तद्वत् फोन किती वेळानें बंद पडतो हें घड्याळ लावून पाहावें. कित्येक आयफोन जवळजवळ ठराविक तीन तीन मिनिटांनीं रीस्टार्ट होतात. हा योगायोग नव्हे. फोनांतील एक कार्यक्रम उष्णता मोजणाऱ्या सेन्सरांची हजेरी घेत असतो, आणि दुसरा एक पहारेकरी त्याच्यावर नजर ठेवतो. चार्जिंगच्या पट्टीवरील एखादा सेन्सर गैरहजर असला कीं हजेरी पुरी होत नाहीं. पहारेकरी १८० सेकंद वाट पाहतो आणि फोन रीस्टार्ट करतो. सेटिंग्जमधील ॲनॅलिटिक्सच्या यादींत ‘पॅनिक-फुल’ या नांवानें त्याचा पंचनामा लिहिलेला सांपडतो, व कोणता सेन्सर आला नाहीं हें त्यांत पुष्कळदां नमूद असतें. ज्या फोनचा ‘बोर्ड गेला’ म्हणून निकाल लागावयाचा, तो अशा वेळीं एक पट्टी बदलतांच बरा होतो. ज्यानें घड्याळ पाहिलें नाहीं तो रीसेट मारतो, सारा मजकूर घालवितो, आणि तीन मिनिटांनीं फोन पुन्हां बंद पडतो.

बाकीचीं कारणें थोडक्यांत सांगतों. घट्ट कव्हराखालीं बाजूचें बटण दबून राहिलें तरी हा प्रकार होतो. कव्हर काढून पाहण्यास खर्च येत नाहीं. अँड्रॉइड फोन सेफ मोडमध्यें चालविला असतां मागाहून घेतलेलीं ॲपें निजून राहतात. तेथें तो दिवसभर नीट चालला तर दोष बहुधा त्यांपैकीं एखाद्याचा. उन्हांत तापलेला फोन व काठोकांठ भरलेली मेमरी यांचीही चौकशी करावी. मात्र एका वेळीं एकच बदल करावा. कव्हर, चार्जर आणि ॲप हीं सारीं एकाच संध्याकाळीं बदललीं व फोन बरा झाला, तर तो कशानें झाला हें ब्रह्मदेवालाही सांगतां येणार नाहीं.

कांहीं वेळां दोष खरोखरच बोर्डांत असतो. एलजी जी४ या २०१५ सालच्या फोनांत भागांमधील जोड सैल पडत, व फोन सुरू होतां होतांच पुन्हां बंद होई. जानेवारी २०१६ मध्यें कंपनीनें तें मान्य केलें. येथें सूक्ष्मदर्शकाखालीं डाख देणारा कारागीरच हवा. असे कारागीर आपल्या शहरांतून आहेत, आणि त्यांची विद्या पदवीवांचून मिळविलेली आहे म्हणून हलकी ठरत नाहीं. परंतु निकाल ऐकतांच मान डोलावून पैसे मोजणाऱ्या पालकांना माझी विनंति आहे कीं, त्यांनीं ‘कशावरून?’ हा एक प्रश्न अवश्य विचारावा. दुसरी बॅटरी लावून पाहिली काय? फोन किती प्रवाह ओढतो हें मोजलें काय? चांगल्या कारागिराला या प्रश्नांचा राग येत नाहीं.

सारा भार ग्राहकावर टाकणेंही न्याय्य नव्हे. युरोपीय संघांत २० जून २०२५ पासून बाजारांत येणाऱ्या फोनांना असा नियम लागू झाला आहे कीं, त्या नमुन्याची विक्री थांबल्यावरही महत्त्वाचे सुटे भाग सात वर्षें मिळाले पाहिजेत. आपल्या केंद्र सरकारनें डिसेंबर २०२२ मध्यें ‘राइट टु रिपेअर’ हें संकेतस्थळ सुरू केलें, हें चांगलेंच झालें. परंतु माहिती मिळणें वेगळें आणि सुटा भाग वाजवी दरांत हातीं पडणें वेगळें.

तोंवर आमच्या विद्यार्थिमित्रांनीं एक जुनी वही काढावी. फोन केव्हां बंद पडला, त्या वेळीं काय चाललें होतें, चार्ज किती टक्के होता, चार्जर जोडलेला होता कीं नाहीं, एवढेंच चार रकान्यांत लिहावें. आठ दिवसांची ही नोंद घेऊन मगच वडिलांबरोबर दुकानांत जावें. ती न वाचतांच बाजूस सारणारा दुकानदार भेटला, तर फोन परत मागून घ्यावा व पुढच्या दुकानाची पायरी चढावी.