शेजघराला रंग

दिवाळीच्या साफसफाईत वाशीमच्या घरांतून काय काय बाहेर पडते ते पाहावे! गंजके डबे, कान फुटलेल्या बरण्या आणि एखाद्या घरातून आजेसासूबाईंचा सागवानी पलंगसुद्धा. त्याचे पाय कातलेले, त्यांवर लाखेच्या तांबड्या, पिवळ्या, हिरव्या वळ्या. भंगारवाला तो वजनावर नेतो आणि त्या जागी तपकिरी सनमायकाचा दिवाण येतो. शेजघर नवे होते खरे, पण कचेरीसारखे दिसू लागते!

रंगीत सामान म्हणजे गावठी, असे कुणी म्हणू लागले तर त्याला डेन्मार्कच्या व्हेर्नर पँटनची (१९२६–१९९८) गोष्ट सांगावी. या गृहस्थाला पांढऱ्या भिंतीचा भारी कंटाळा. १९७० साली कलोन येथे त्याने एक दालन मांडले. त्यात जमीन, भिंत आणि छत असा भेदच नव्हता. सगळी एक मऊ, रंगीबेरंगी गुहा. वाटेल तिथे लोळावे! त्याची एकसंध प्लास्टिकची खुर्ची १९६७ पासून कारखान्यात निघू लागली. १९७९ मध्ये ती बंद पडली, पण १९८३ मध्ये परत आली. आराखडे जपलेले असले की कारखान्याला हे साधते.

आपल्या पलंगाचा आराखडा कुठे आहे? तो कातारी कारागिराच्या हातात. लाकूड चरकावर फिरत असताना तो लाखेची रंगीत कांडी त्यावर दाबून धरतो. घासण्याच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर चढते. दाब किती द्यावा, हात कधी उचलावा, हे कागदावर कसे उतरणार? तो हात गेला की काम संपले.

सावंतवाडीला हे अगदी थोडक्यात चुकले. तिथल्या रंगीत गंजिफांचे काम जाणणारा एक वृद्ध कारागीर उरला होता, पुंडलिक चितारी. वय ऐंशीच्या पुढे. राजेबहादूर शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी त्यांच्यापाशी शिकायला बसले. राजाराणी हाती कुंचला घेऊन विद्यार्थी झाले, ही मला त्यांच्या साऱ्या वैभवाहून मोठी गोष्ट वाटते. १९७१ च्या सुमारास राजवाड्यातच कारखाना सुरू झाला. पुढे गंजिफांवरचे दशावतार पाटांवर आणि घरच्या इतर लाकडी सामानावरही उतरले. चितारी आणखी चार वर्षे आधी गेले असते तर?

तेव्हा भगिनींनो, पलंग वजनावर घालण्याआधी गावात एखादा म्हातारा कातारी आहे का, याची चौकशी करा. वळ्यांचे टवके उडाले असतील तर त्याला दाखवा. जमले तर घरातल्या एखाद्या मुलालाही सोबत न्या. चौकट वाळवीने खाल्ली असेल तर खुशाल टाका, पण पाय काढून घ्या. चार पाय एका पोत्यात मावतात आणि नव्या दिवाणालाही ते लावता येतात.